धारेच्या पाण्याची किंमत

लोणार, ता. १० जुलै १९३८

श्री. उद्धवराव यांस शरयूचा नमस्कार.

तुम्ही नागपूरला सुखरूप पोचलात हे आत्याच्या निरोपावरून कळलं. निरोप देऊळघाटाहून आत्याचा, आणि तुमचं स्वतःचं कार्डही नाही, म्हणून आईनं तुमच्यावर रुसायचं ठरवलं आहे. एकुलता एक भाचा शहरात गेला की मामीला विसरतो, असं ती आल्यागेल्याला सांगते. तेव्हा आधी तिला दोन ओळी लिहा.

माझं मात्र दोन ओळींवर भागणार नाही. उन्हाळ्यात तुम्ही आला होता तेव्हा आपण सगळे सरोवराकाठच्या कमळजादेवीच्या देवळाकडे उतरलो होतो. वाटेत तुम्ही म्हणालात की बी. ए.ला तुम्ही अर्थशास्त्र घेतलं आहे, आणि माणसं जे करतात ते का करतात, हे त्यात सांगितलेलं असतं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही. सातवी पास होऊन मला पाच वर्षं झाली. पुढची शाळा बुलढाण्याला, आणि बाबांनी मला तिकडे एकटीला काही पाठवलं नाही. तर तुम्ही जे शिकता ते मला पत्रांतून शिकवाल का? धडे लहान असले तरी चालतील. उदाहरणं मात्र आपल्याकडची द्या, विलायतेची नकोत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे आलेलं पत्र मी ओसरीवर मोठ्यानं वाचायचं असतं, आणि माझं पत्र पेटीत पडण्याआधी बाबा त्यावरून नजर फिरवतात. म्हणजे तुमच्या वर्गात मी एकटी नसणार.

आपली,
शरयू

नागपूर, ता. २५ जुलै १९३८

चि. शरयूस अनेक आशीर्वाद.

मामीची माफी वेगळ्या कार्डावर मागितली आहे. ती मिळाली की नाही ते कळव, नाहीतर दिवाळीचे अनारसे हातचे जायचे.

तुला शिकवायचं म्हणून आज पहिल्यांदा प्रोफेसरांचं बोलणं कान देऊन ऐकलं. माझी जागा खिडकीशी आहे. बाहेर एक मोठा कडुनिंब आहे, आणि त्याच्यात वारा शिरला की मला उगाच वाटतं, आपण लोणारच्या काठावर उभे आहोत आणि खाली सगळं हिरवं हिरवं हलतंय. मग व्याख्यान कुठल्या कुठे जातं. तरी आजचं तुझ्यासाठी पकडून ठेवलं.

पहिला धडा असा. माणसाला हव्या असलेल्या गोष्टींना अंत नाही, आणि त्या मिळवायची साधनं थोडी. त्यातही एकच साधन अनेक कामांना येतं. समज, तुझ्याकडे एक संध्याकाळ आहे. त्या संध्याकाळी तू काठावर बसून पाण्याचे रंग पाहशील, किंवा मामीला अंबाडीची भाजी निवडू लागशील. दोन्ही एका वेळी व्हायचं नाही. म्हणून निवडावं लागतं. सगळं सगळ्यांना पुरलं असतं तर निवड करावी लागली नसती, आणि हे शास्त्रच जन्माला आलं नसतं.

मी तुझ्या जागी असतो तर पाण्याचे रंग पाहत बसलो असतो. हे मामीला वाचून दाखवू नकोस.

तुझा,
उद्धव

लोणार, ता. १४ ऑगस्ट १९३८

श्री. उद्धवराव यांस शरयूचा नमस्कार.

शेवटची ओळ वाचून झाल्यावर मग समजलं की ती वाचायची नव्हती. आई म्हणाली, "येऊ दे त्याले दिवाळीले, त्याच्याच पुढ्यात टाकतो भाजी." तेव्हा माफीचं तुम्ही समजून घ्या.

बाकी धडा सगळ्यांना आवडला. बाबा पहिली अर्धी घटका डोळे मिटून ऐकत होते आणि पुढची अर्धी घटका झोपले. मला मात्र त्या दिवसापासून वेडच लागलं आहे. कोणी काही करताना दिसलं की मनात येतं, हिनं हे निवडलं, मग सोडलं काय? शेजारची आशाबाई दळताना गाते, तेव्हा वाटतं, ही आत्ता गप्पही राहू शकली असती. रिकाम्या वेळी असले विचार करत मी धारेच्या पायऱ्यांवर बसते आणि घागर भरून वाहायला लागली तरी कळत नाही.

घागरीवरूनच एक शंका आली. खाली एवढं मोठं सरोवर, पण खारट, तोंडात धरवत नाही. आणि वर कड्यावर ही गोड्या पाण्याची धार, बारा महिने वाहणारी. हिच्यावर सगळा गाव जगतो. तरी धारेच्या पाण्याला कोणी काही देत नाही, आणि बाजारात मोत्याच्या नथीला माणसं केवढं मोजतात. नथ नसली म्हणून कोणी मरत नाही. तुमचं शास्त्र याचा उलगडा करतं का? मला हे नीट समजून घ्यायचं आहे. काऊन ते विचारू नका.

आपली,
शरयू

नागपूर, ता. २ सप्टेंबर १९३८

चि. शरयूस आशीर्वाद.

शाबास. मोठमोठे पंडित ज्या प्रश्नावर अडले, त्यावर तू घागर भरता भरता येऊन बसलीस. मी तुझी शंका वर्गात माझीच म्हणून विचारली. प्रोफेसर खूश झाले. त्याचं श्रेय घरी आल्यावर परत करीन.

उत्तर सोपं आहे. एखादी गोष्ट किती उपयोगाची, हे एक. आणि तिच्याबद्दल आपण काय द्यायला तयार होतो, हे दुसरं. मूल्य ठरतं ते ती किती दुर्मिळ आहे यावरून. सीताफळांचे दिवस आठव. पहिलं फळ आपण किती जपून फोडतो! पोटभर खाल्ल्यावर पुढचं कोणी हातावर ठेवलं तरी नको वाटतं. फळ तेच, गोडी तीच, पण त्याचं मोल उतरत गेलेलं असतं. धार तर कधी आटतच नाही. हवं तेव्हा जावं आणि हवं तेवढं घ्यावं. अशा वस्तूसाठी कोणी काही देत नाही. तिला फुकटची वस्तू म्हणतात, आणि त्यात तिचा अपमान नाही, उलट ती माणसाची सगळ्यात मोठी श्रीमंती आहे.

मला स्वतःला काही गोष्टी अशाच वाटतात. लोणार आहे, मामीच्या हातचं जेवण आहे, तू आहेस. कधीही यावं, ते असणारच. या भरवशावर मी इथे परक्या गावात बिनघोर झोपतो. काल दुपारी वाचता वाचता डोळा लागला तर तू कड्यावरून मला हाका मारत होतीस, आणि मी खालून म्हणत होतो, थांब, येतो, घाई काय आहे. किती सुंदर स्वप्न होतं म्हणून सांगू! जाग आल्यावरही मी उठलो नाही.

तुझा,
उद्धव

लोणार, ता. ७ ऑक्टोबर १९३८

श्री. उद्धवराव यांस शरयूचा नमस्कार.

धडा समजला. इतका चांगला समजला की उत्तर लिहायला महिना गेला.

इकडची बातमी अशी, की बाबांना खामगावचं एक स्थळ कळलं आहे. मुलाचं नाव चिंतामणराव. तिथल्या कापूस बाजारात ते कारकून आहेत. मला विसावं लागायच्या आत आईला कार्य उरकायचं आहे. पण आपल्या घरचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. भावाची मुलगी आधी बहिणीच्या घरी विचारायची, मग बाहेर. म्हणून दसऱ्याला बाबांनी आत्याकडे नारळ पाठवला. तुळशीच्या लग्नाआधी तिकडून माझ्यासाठी खणानारळाची ओटी आली तर होकार. काहीच आलं नाही तर नकार समजायचा. तोंडानं नाही कोणीच म्हणत नाही, म्हणजे भावाबहिणीत कडूपणा राहत नाही. खामगावच्या लोकांना बाबांनी तोवर थांबवलं आहे.

सकाळी सरोवरावर धुकं असतं. मी काठावर उभी राहते तेव्हा खालचं पाणी दिसत नाही, देवळं दिसत नाहीत, फक्त मोरांचे आवाज वर येतात. असं वाटतं की आपणही अजून ठरलेलो नाही आहोत. ऊन आलं की एकेक झाड बाहेर पडतं आणि जिथल्या तिथे उभं राहतं.

तर मास्तर, या खेपेची शंका. तुमच्या पुस्तकात वाट पाहण्याला काही किंमत सांगितली आहे का? ती कोणी भरायची असते, वाट पाहणाऱ्यानं की पाहायला लावणाऱ्यानं? बाबा हे पत्र वाचतील, म्हणून इतकंच लिहिते. तुम्ही मात्र उत्तर मनापासून द्या. दिवाळीत देऊळघाटला याल तेव्हा आत्या तुम्हाला विचारेलच.

आपली,
शरयू

देऊळघाट, ता. २७ ऑक्टोबर १९३८

चि. शरयूस दिवाळीचे आशीर्वाद.

सुट्टी कशी गेली कळलंच नाही. अंगणात बाज टाकून पडतो. कापसाच्या गाड्या वेशीतून जातात, त्यांच्या घुंगरांचा आवाज दूर जाता जाता झोप येते. उठतो तो दिवेलागण झालेली असते.

तुझी शंका उत्तम आहे, आणि तिचं उत्तर याच गाड्यांत आहे. जो माणूस पहिल्या वेचणीचा कापूस पहिल्या दिवशी घेऊन धावतो, त्याला मिळेल तो भाव घ्यावा लागतो, कारण सगळेच त्या दिवशी धावतात. बाजारात पुरवठा वाढला की भाव पडतो. जो घरात ठेवून चार महिने धीर धरतो, त्याचं भलं होतं. तेव्हा घाई करू नये, हा शास्त्रार्थ.

आईनं परवा तो नारळ पुढे ठेवून विचारलं, "उत्तमले, तुह्या मामाले, काय सांगू?" मी म्हटलं, लग्नाबिग्नाचं आता कुठे काढतेस, परीक्षा तर होऊ दे. ती उठून नारळ देवघरात ठेवून आली. मार्चमध्ये परीक्षा, मग निकाल. बी. ए. झालेला भाचा मामाच्या दारात उभा राहील तेव्हाची गोष्ट वेगळी. खामगावकर थांबतील की. आपल्या माणसांत घाई कसली?

जाता जाता एक नवा धडा देतो. कोणत्याही गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी आपण जे सोडलं ते. या सुट्टीत दोनदा लोणारला यायचं मनात होतं. दोन्ही वेळा बाजेवर झोप लागली. म्हणजे माझ्या झोपेची किंमत तुमची भेट! केवढी महाग झोप काढली बघ.

तुझा,
उद्धव

लोणार, ता. २२ नोव्हेंबर १९३८

श्री. उद्धवराव यांस शरयूचा नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र मी नेहमीप्रमाणे ओसरीवर वाचलं. तुम्ही आत्याला काय म्हणालात ते वाचताना मध्येच थांबता आलं नाही. सगळे ऐकत होते. वाचून झाल्यावर बाबा उठले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "नारळाचं उत्तर कार्डानं येत नाही, पोरी. ओटी येते का पाहू."

ओटी आली नाही. तुळशीचं लग्न लागलं त्या संध्याकाळपर्यंत मी देऊळघाटच्या वाटेकडे कान लावून होते, हे आता लिहायला हरकत नाही. आत्याला दोष देऊ नका. थोडं थांबा असा अर्धा निरोप धाडणं म्हणजे भावाच्या मुलीला टांगून ठेवणं, असं ती मानते. तुम्ही होय म्हणाला नाहीत, म्हणून ती गप्प राहिली.

मग खामगावची मंडळी आली. पाहणं झालं, बैठकीत सगळं ठरलं. नंतर मंडळी धारेवर हातपाय धुवायला निघाली. आई आणि मी बरोबर होतो. चिंतामणराव मागे राहिले आणि आईची परवानगी घेऊन माझ्याशी बोलले. बाजारात लिलावाची बोली पुकारून पुकारून त्यांचा आवाज बसलेला आहे. ते म्हणाले, "तुमच्या बाबांनी होकार देल्ला. पन मी तुमाले इचारून राह्यलो. तुमच्या मनात नसन, तर नकार माह्याकडून गेला असं मी सांगतो. तुमच्यावर बोल येनार नाही."

मी काही वेळ मागितला. ते पायऱ्यांवर जाऊन बसले आणि मंडळींनी हाका मारल्या तरी उठले नाहीत. उद्धवराव, आजवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं. बाबांनी नाही, आत्यानं नाही. माझ्या उत्तराची कोणीतरी वाट पाहतं आहे, हे नवीनच होतं, आणि खरं सांगते, ते मला फार आवडलं. थोड्या वेळानं मी होय म्हटलं.

लग्न माघात आहे. पत्रिका येईलच.

आपली,
शरयू

नागपूर, ता. ६ डिसेंबर १९३८

शरयू,

आज आशीर्वाद लिहवत नाहीत. हे पत्र तू ओसरीवर वाचलंस तरी चालेल. मामानं ऐकावं, मामीनं ऐकावं.

मला तू हवी आहेस. या खोलीत बसून मी जे जे मनात पाहिलं त्यात तू आहेस. आपलं घर कड्याच्या किती जवळ असावं, संध्याकाळी दार कोणत्या बाजूला उघडावं, हे सगळं माझं कधीचंच ठरलेलं आहे. त्या घरात तू मला शंका विचारतेस आणि मी उत्तर देता देता तुझ्याकडे बघत राहतो. हे तुला सांगावं असं कधी वाटलं नाही, कारण ते तुला ठाऊकच आहे अशा समजुतीत मी होतो. आईला मी नाही म्हटलं नव्हतं. मी फक्त नंतर म्हटलं होतं. रिवाज माहीत असून मला वाटलं, तो इतरांसाठी आहे. तू दुसरीकडे जाशील हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही.

काल आईला पत्र टाकलं आहे. ती ओटी घेऊन स्वतः लोणारला यायला तयार होईल. माघाला अजून अवकाश आहे. ठरलेली लग्नं मोडतात, जग बुडत नाही. मामा माझं ऐकेल. तू फक्त एक शब्द लिही. तू होय म्हणालीस तर मी परीक्षा सोडून उद्याच्या गाडीनं निघतो.

उद्धव

लोणार, ता. २० डिसेंबर १९३८

श्री. उद्धवराव यांस,

तुमचं पत्र मी ओसरीवर वाचलं नाही. पहिल्यांदाच मी आलेलं पत्र बाबांना न दाखवता परसात घेऊन गेले आणि तिथे वाचलं. आईनं विचारलं तेव्हा मी सांगितलं, की हे एकट्या मला आहे. हे उत्तरही मी बाबांना न दाखवता पाठवते आहे. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "टाक."

तुम्ही लिहिलेलं घर मी पाहिलं आहे. तुम्हाला ठाऊक नसेल, पण ते मीही बांधत होते. माझ्या घरात दार सरोवराकडे उघडत होतं. जुलैपासून प्रत्येक पत्र घडी करून ठेवताना मी त्यात राहत होते. कार्तिकात तुम्ही एक शब्द लिहिला असता, तर मी पायीसुद्धा निघाले असते.

आत्या परवा येऊन गेली. ओटी घेऊन आली होती. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले की आता पोरीनंच सांगावं. आमच्या घरात हेही नवीनच. मी आत्याच्या पाया पडले आणि ओटी घेतली नाही. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रागावली नाही.

तुम्ही शिकवलंत, की निवडीची खरी किंमत म्हणजे जे सोडलं ते. मी काय सोडते आहे ते मला नीट कळतं आहे. ते थोडं नाही. खामगावला गेल्यावरही कधी दुपारी सगळं सामसूम असताना ते मला आठवेल आणि जीव कासावीस होईल, हेही मी धरून चालले आहे. तरीही मी हेच निवडते. घाबरून नाही, आणि दिलेला शब्द मोडवत नाही म्हणूनही नाही. तुमच्या स्वप्नात मी होते, पण तिथे मला कधी काही ठरवायचं नव्हतं. हाका मारायच्या, आणि तुम्ही थांब म्हणालात की थांबायचं. चिंतामणरावांची आणि माझी ओळख जेमतेम अर्ध्या दुपारची आहे. त्यांचं माझं जमेल की नाही, मला माहीत नाही. पण त्या अर्ध्या दुपारी मी होय म्हणू शकत होते आणि नाही म्हणू शकत होते, आणि ते दोन्ही ऐकायला तयार होते. ते सोडून मला परत यायचं नाही.

तेव्हा माझं उत्तर नाही असं आहे. ते वाचून तुम्हाला दुःख होईल. लिहिताना मलाही होतं आहे. परीक्षा सोडू नका, मला त्याचं फार वाईट वाटेल.

आणि पुढे कधी कोणी तुमच्या मनात भरली, तर घर बांधायला घेण्याआधी तिला विचारा.

शरयू